जाळ्यासकट उडालेले पक्षी

डोंबिवली पश्चिमेला आमच्या चाळीत चौदा बिऱ्हाडे होती आणि टीव्ही एक. तो काकूंच्या खोलीत असे. लाकडी शटरचा, कृष्णधवल. त्या काळच्या रीतीप्रमाणे काकांनी त्याच्या काचेवर रंगीत प्लॅस्टिकचा कागद लावला होता. वर निळा, मधे तांबूस, खाली हिरवा. त्यामुळे बातम्या देणाऱ्या बाईंचे केस निळे, चेहरा तांबूस आणि साडी बारा महिने हिरवी दिसे. अँटेनाचे तोंड वरळीच्या मनोऱ्याकडे केलेले असे. त्यावर कावळा बसला की चित्र हले, आणि मग एक पोर कौलांवर आणि एक दारात, असे 'आले का?' 'गेले!' चालू राही.

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आम्ही चाळीतली पोरे ज्या एका चित्रपटासाठी काकूंच्या उंबऱ्यात दाटीवाटीने बसत असू, तो जेमतेम सात मिनिटांचा होता. 'एक अनेक और एकता'. काही मुले बागेत खेळतात, धाकटा 'अनेक' म्हणजे काय असे विचारतो, आणि ताई त्याला सूर्य, चंद्र, तारे, फुलपाखरे, खारी दाखवीत एका गोष्टीपाशी नेते. दाणे टिपायला उतरलेले पक्षी शिकाऱ्याच्या जाळ्यात सापडतात, सगळे मिळून जाळ्यासकट उडतात, आणि मित्र उंदीर येऊन जाळे कुरतडतात. बस, इतकेच. पण जाळे जमिनीवरून सुटून वर जायला लागले, की आमच्या चाळीतली एकूण एक पोरे श्वास धरीत. शंभरदा पाहिले होते, तरी धरीत.

दिवाळी अंकात इतिहास लिहायचा तर तो गडांचा नाहीतर गाद्यांचा लिहावा, अशी आपल्याकडे चाल आहे. मी दहावीपर्यंत शिकलेली बालवाडीची बाई. दोन कादंबऱ्या लिहिल्या म्हणून संपादक मला विचारतात, एवढेच. गड मला झेपायचे नाहीत. या सात मिनिटांचा इतिहास मात्र मी हौसेने जमवला आहे.

हा चित्रपट 1974 सालचा. केला विजया मुळे यांनी. जन्म मुंबईचा, 1921 चा. लग्न होऊन पाटण्याला गेल्या. 1946 मध्ये शिष्यवृत्तीवर इंग्लंडात लीड्सला शिकायला गेल्या आणि तिथे त्यांना चित्रपट मंडळींची गोडी लागली. परत येऊन त्यांनी पाटण्यात आणि दिल्लीत तशीच मंडळे उभी करण्यात भाग घेतला. 1959 साली देशातल्या चित्रपट मंडळांचा महासंघ झाला. सत्यजित राय त्याचे अध्यक्ष, आणि पदाधिकाऱ्यांत या मराठी बाई! सगळे त्यांना 'अक्का' म्हणत. 2019 साली, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्या दिल्लीत वारल्या. 'भुवन शोम'मधल्या सुहासिनी मुळे या त्यांच्याच कन्या.

चित्रे भीमसेन यांची. मुलतानकडचा हा माणूस फाळणीनंतर इकडे आला, फिल्म्स डिव्हिजनमध्ये पार्श्वभूमी रंगवायला लागला आणि राम मोहन यांच्या हाताखाली चित्रे हलवण्याची विद्या शिकला. पुढे 1977 साली 'घरौंदा' काढला तोही यांनीच. मुंबईत दोन माणसांना घर मिळत नाही, त्याची ती कथा. डोंबिवलीकराला ती वेगळी सांगायला नको. संगीत कुडाळजवळच्या सोनवड्याच्या वसंत देसायांचे, म्हणजे 'श्यामची आई'चे. चित्रपटानंतरच्याच वर्षी, डिसेंबर 1975 मध्ये, लिफ्टच्या अपघातात ते गेले. शेवटचे गीत पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचे, आणि त्यात गाणारा लहानग्या मुलीचा गळा आपल्या दाभोळच्या साधना सरगम यांचा.

चित्रे हलवण्याची खटपट आपल्याकडे जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनी 1915 च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' केली. प्रभातने 1934 साली 'जंबूकाका' काढला. 1956 मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा व्यंगपट विभाग निघाला. त्याला शिकवायला आले डिस्नेकडचे क्लेअर वीक्स, आणि अजिंठ्याच्या वळणाची चित्रे काढून हरणाची जातककथा पडद्यावर आली. या कामाला माणूस किती चिकाटीचा लागतो ते हिशेबाने पहा. एका सेकंदाला चोवीस चित्रचौकटी, म्हणजे सात मिनिटांना दहा हजार ऐंशी. एक चित्र दोन चौकटींना पुरवले तरी पाच हजारांवर चित्रे. म्हणून भीमसेनांनी रेषा मोजक्या ठेवल्या असाव्यात. पक्षी म्हणजे दोन गोलाया आणि एक चोच. आमच्या बालवाडीतले पोर खडूने काढील असा. मला वाटते, जादू तिथेच आहे. पोरांना तो आपला वाटतो.

गोष्ट मात्र चित्रपटाहून फार जुनी. पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्रात, मित्रसंप्राप्तीत, ती आरंभीच येते. तिथे कबुतरे आहेत, त्यांचा राजा चित्रग्रीव आणि उंदीर हिरण्यक. सहाव्या शतकात ती इराणात गेली, आठव्यात अरबीत 'कलीला व दिम्ना' झाली. आपल्याकडे देवनागरी टायपात पुस्तके छापू लागले तेव्हा मुंबईतल्या अगदी आरंभीच्या मराठी पुस्तकांत 1822 चे 'पंचोपाख्यान' आहे, तेही याच कुळातले.

गेल्या ऑगस्टमध्ये मी वर्गात मोबाईलवर हा चित्रपट दाखवला. दरवर्षी दाखवते. संपल्यावर एक मुलगा म्हणाला, "बाई, जाळे तोडल्यावर पुढे काय झाले?" चाळीस वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. घरी येऊन पुस्तके काढली.

पंचतंत्रात एक गोष्ट आहे, ती चित्रपटात नाही. हिरण्यक आधी मित्राचा, म्हणजे राजाचाच पाश तोडायला जातो. चित्रग्रीव म्हणतो, थांब, आधी माझ्या लोकांचे तोड. कारण तुझे दात दुखले, किंवा तेवढ्यात शिकारी आला, तर? अक्कांच्या चित्रपटावर माझी एकच तक्रार असेल, तर ती ही. सात मिनिटांत आणखी अर्धे मिनिट यासाठी काढायला हवे होते.

आणि सम्मोदमान जातकात तर पुढचेच सगळे आहे. तिथे लावे पक्षी. तेही रोज जाळ्यासकट उडतात आणि काटेरी झुडपावर जाळे टाकून खालून निसटतात. शिकारी रिकाम्या हाताने घरी येतो, बायको बोलते. तो तिला म्हणतो, थांब, यांचे भांडण होईपर्यंतच हे चालायचे. काही दिवसांनी दाण्यावर उतरताना एका लाव्याचा पाय चुकून दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो. तेवढ्यावरून जुंपते. जाळे पडते तेव्हा जो तो म्हणतो, आधी तू उचल. शिकारी सगळ्यांना टोपलीत भरतो.

वाचून मी पुस्तक मिटले ते मिटलेच. कारण आमच्या चाळीला तीन पावसाळ्यांपूर्वी धोकादायक म्हणून नोटीस आली. तेव्हा चौदाही बिऱ्हाडे काकूंच्या खोलीत बसली आणि ठरले की सही करायची ती सगळ्यांनी एका दिवशी. मग बिल्डर आला. त्याने बैठक घेतली नाही, दार दार फिरला. पहिल्या आठ सह्यांना रस्त्याकडची घरे, असे प्रत्येकाच्या कानात सांगितले. आठ सह्या झाल्या, सहा राहिल्या. बांधकाम काही सुरू झाले नाही. आज चाळ लोखंडी टेकूंवर उभी आहे. त्या आठांत पहिली सही आमची. घरात म्हातारी माणसे आहेत, जिना उतरवत नाही, हे सगळे खरे. पण चित्रग्रीवाची गोष्ट वाचल्यावर ते मला पुरेसे वाटेना.

काकू राहिलेल्या सहांत. दोन दिवाळ्या आमच्याकडून त्यांच्याकडे फराळाचे ताट गेले नाही, त्यांच्याकडून आले नाही. पहाटे दोन्ही घरची पोरे फडके रोडला जातात, तीही आता वेगवेगळी निघतात.

यंदा गणपतीत मोदकांचा डबा घेऊन मी काकूंचे दार वाजवले. त्यांनी दार उघडले, डबा घेतला. काय बोलावे ते दोघींनाही सुचेना. शटरचा टीव्ही कधीच भंगारात गेला आहे, पण त्याचे स्टूल आहे, त्यावर आता औषधांचा डबा असतो. शेवटी मी मोबाईल काढला, त्या स्टुलाला टेकवला आणि तोच चित्रपट लावला. काकूंनी चष्मा चढवला. दोघीही न बोलता पाहत राहिलो. जाळे वर चालले, तेव्हा काकू पुढे वाकल्या.

"आपल्याकडे हे वर गेले की निळे होत," त्या म्हणाल्या.

"काकांच्या कागदामुळे."

"हो. मला वाटे, खरेच निळे आहेत." मग थोड्या वेळाने, "पुन्हा लाव. चहा टाकते."