नर्मदेच्या थरांतील साक्ष : प्राचीन हवामान आणि आदिमानव

दृढीकरणाच्या वर्गातील तरुण पाळकांना व धर्मशिक्षकांना पुष्कळदा विचारतात, "मनुष्य हवामानाच्या फेरपालटातून घडला, असे विज्ञान म्हणते, ते कितपत खरे?" या प्रश्नाचा विचार करण्यास इंदूरकरांना फार दूर जावे लागत नाही. माळव्याच्या पठारावरून दक्षिणेस विंध्याचा उतार ओलांडला की नर्मदेचे खोरे लागते. या नदीच्या काठी, इंदूरपासून पूर्वेस सुमारे २०० किलोमीटरवर, सीहोर जिल्ह्यात हथनोरा हे खेडे आहे. तेथे ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना दगडगोट्यांच्या घट्ट थरात मानवी कवटीच्या माथ्याचा उजवा भाग मिळाला. इतक्या प्राचीन मानवाची दुसरी कवटी भारतात अद्याप सापडलेली नाही.

प्रथम ती 'होमो इरेक्टस' या प्राचीन मानवजातीची मानली गेली. पुढे १९९१ मध्ये केनेथ केनेडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यात स्वतः सोनकियाही होते, ती 'होमो सेपियन्स'च्या आद्य रूपाची असल्याचे मत मांडले. तिच्या वयाविषयीही एकमत नाही. काही अभ्यासक ती दोन लाख वर्षांहून जुनी मानतात, तर काही बरीच अलीकडची.

कवटीपेक्षा तिच्या भोवतालचे थर अधिक बोलके आहेत. नदीचा ओघ जोरदार असताना मोठे गोटे वाहून येतात. तो मंदावला की बारीक गाळ साचतो. या खोऱ्यात हत्ती व रानबैल यांच्याबरोबर आज भारतात नामशेष झालेल्या पाणघोड्याची हाडेही मिळतात. ज्या काळात पाणघोडा येथे नांदत होता, त्या काळात पाणी बारमाही होते, हे उघड आहे. उलट, जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची, नक्षी कोरलेली शहामृगाच्या अंड्याची कवचे सापडली. शहामृग हा कोरड्या, मोकळ्या माळरानाचा पक्षी होय. हिमयुगात मोसमी पाऊस क्षीण होई आणि मधल्या उबदार कालखंडात तो पुन्हा बळावे. पृथ्वीच्या कक्षेत व आसाच्या कलात हजारो वर्षांच्या अंतराने होणारे बदल हे या चढउताराचे प्रमुख कारण होय.

आफ्रिकेत जंगले विरळ होऊन गवताळ प्रदेश वाढले, तेव्हा मानवाच्या पूर्वजांना नवे जीवनमार्ग शोधावे लागले, असे पुष्कळ संशोधक मानतात. इतरांच्या मते कोरडेपणापेक्षा हवामानाची अस्थिरताच निर्णायक ठरली. विविध परिस्थितींत तग धरणारा तो टिकला. दोन्ही मतांना आधार आहेत, परंतु अंतिम निकाल लागलेला नाही.

मानव केवळ हवामानाचे खेळणे नव्हता, याचीही साक्ष मध्य प्रदेशातच आहे. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी सुमात्रातील टोबा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला व त्याची राख भारतातील अनेक नदीखोऱ्यांत पसरली. या आपत्तीत येथील मानव जवळजवळ नष्ट झाला असावा, अशी एक कल्पना होती. परंतु शोण नदीच्या खोऱ्यातील ढाबा येथील उत्खननाचे २०२० साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की, उद्रेकाच्या आधी व नंतरही तेथे दगडी हत्यारे घडवणे सुरूच होते.

तेव्हा पाळकांनी व धर्मशिक्षकांनी दोन टोके टाळावीत. एका कवटीच्या आधारे पवित्र शास्त्र खोटे ठरले असे भिऊ नये. आणि तिचे वय अनिश्चित आहे म्हणून सारे विज्ञानच पोकळ, असा आनंदही मानू नये. संशोधकांनी आपले मत पुराव्यापुढे बदलले, ही त्यांची सचोटी होय. विचारणाऱ्या तरुणाला आपण इतके निश्चित सांगू शकतो की, हवामानाने मानवापुढे कठीण प्रसंग उभे केले, त्याच्या घडणीत त्याचा वाटा असावा. पण तो वाटा नेमका किती, हे नर्मदेच्या थरांनी अद्याप पूर्णपणे सांगितलेले नाही.