शाब्ली व सांसेर
फ्रान्समधील दोन विख्यात ड्राय पांढऱ्या वाइन. किण्वनात द्राक्षरसातील जवळजवळ सर्व साखर संपत असल्याने दोन्हींत गोडवा जाणवत नाही. शाब्ली उत्तर बर्गंडीत शार्दोने द्राक्षांपासून, तर पांढरी सांसेर ल्वार खोऱ्यात सोव्हिन्यों ब्लां द्राक्षांपासून करतात. दोन्ही प्रदेशांत कालवांचे जीवाश्म असलेली चुनखडीयुक्त किमरिजियन माती आढळते. शाब्लीचा गंध मंद असून चवीत लिंबू, हिरवे सफरचंद व ओल्या दगडासारखी खनिज छटा असते. सांसेरचा गंध उग्र. त्यात ग्रेपफ्रूट व ताज्या गवताचा वास येतो. हा गवताळपणा सोव्हिन्योंमधील पायराझिन संयुगांमुळे येतो. शाब्ली बहुधा पोलादी टाक्यांत तयार होते. ग्रां क्र्यू दर्जाच्या काही वाइन ओकच्या पिंपांतही मुरवतात. शाब्ली कालवांबरोबर, तर सांसेर जवळच्याच शाविन्योल गावच्या शेळीच्या चीजबरोबर घेण्याचा प्रघात आहे.