ई-सिगारेट तापते तेव्हा तिच्यातून नेमके काय बाहेर पडते?

"यात धूर नाही, फक्त पाण्याची वाफ आहे," असे ई-सिगारेट ओढणारी मुले सर्रास सांगतात. यातले पहिले अर्धे विधान बरोबर आहे, दुसरे साफ चूक. सर्दी झाल्यावर आपण वाफारा घेतो, तशी ही वाफ नसते.

या यंत्रात बॅटरी, धातूच्या तारेचे वेटोळे, त्याला लागून कापसाची वात आणि द्रवाची छोटी टाकी असते. द्रव मुख्यतः प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचा. त्यात निकोटीन आणि स्वादद्रव्ये मिसळलेली असतात. झुरका घेतला की तार तापते. प्रॉपिलिन ग्लायकॉल सुमारे 188 अंश सेल्सिअसला उकळते, ग्लिसरीन सुमारे 290 अंशांना. ही वाफ लगेच थंड होऊन अतिसूक्ष्म थेंब बनतात आणि तेच छातीत जातात. शास्त्रज्ञ त्याला एरोसोल म्हणतात.

साध्या सिगारेटचे टोक झुरक्याच्या वेळी 900 अंशांच्या आसपास पोहोचते. तंबाखू जळतो, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतात. ई-सिगारेटमध्ये ज्वलन नसल्याने हे बहुतांशी टळते, आणि ते मान्य करायलाच हवे. पण जळत नाही म्हणजे बदलत नाही, असे नव्हे. पातेल्यात साखर न पेटताही तपकिरी होतेच ना?

जास्त तापले की ग्लिसरीन आणि प्रॉपिलिन ग्लायकॉलचे रेणू तुटतात. त्यातून फॉर्मॅल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिन निघतात. फॉर्मॅल्डिहाइड पाण्यात विरघळवले की फॉर्मॅलिन होते, ज्यात मृत शरीराचे अवयव टिकवून ठेवतात. ते माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झालेले आहे. अ‍ॅक्रोलिनची ओळख तर प्रत्येक स्वयंपाकघराला आहे. कढईत तेल करपले की डोळ्यांना झोंबणारा जो धूर उठतो, त्यात ते असते.

किती निघते, हे उष्णतेवर अवलंबून आहे. अमेरिकेतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना 2015 मध्ये 3.3 व्होल्टवर फॉर्मॅल्डिहाइडची संयुगे आढळली नाहीत. 5 व्होल्टवर मात्र भरपूर आढळली. इतक्या तापमानाला करपट चव येते, माणूस ओढणेच थांबवतो, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. आक्षेपात तथ्य आहे. पण त्यातून फॉर्मॅल्डिहाइड बनतच नाही, असा निष्कर्ष निघत नाही. वात कोरडी पडली, शक्ती वाढवली, वेटोळे जुने झाले की आकडा बदलतो आणि ओढणाऱ्याला तो दिसत नाही.

तारेचेही तसेच. ती बहुधा निकेल-क्रोमियम किंवा लोह-क्रोमियम-अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या 2018 च्या अभ्यासात 56 जणांची उपकरणे तपासली गेली. बाटलीतल्या द्रवापेक्षा तापून निघालेल्या एरोसोलमध्ये शिसे, निकेल आणि क्रोमियम कितीतरी जास्त सापडले.

स्वादद्रव्यांबाबत "हे तर खाण्यातलेच आहे" असा युक्तिवाद ऐकू येतो. पोट आणि फुप्फुस एक नव्हे. लोण्याची चव देणारे डायअ‍ॅसिटिल खाण्यात चालते, पण अमेरिकेत पॉपकॉर्नच्या कारखान्यात त्याची वाफ श्वासात घेणाऱ्या कामगारांच्या सूक्ष्म श्वासनलिका कायमच्या खराब झाल्या. हार्वर्डच्या संशोधकांनी 2015 मध्ये तपासलेल्या 51 स्वादांपैकी 39 मध्ये डायअ‍ॅसिटिल होते.

2019 मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या गंभीर इजेची साथच आली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 जण रुग्णालयात दाखल झाल्याची वा दगावल्याची नोंद झाली, मृत्यू 68. मुख्य संशय ठरला व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर. बहुतेक वेळा गांजातील टीएचसीच्या बेकायदा काडतुसांत ते भेसळ म्हणून घातलेले होते. तपासलेल्या 51 रुग्णांपैकी 48 जणांच्या फुप्फुसातील द्रवात ते मिळाले. त्वचेच्या मलमात हाच पदार्थ वापरतात.

भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात बंद आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे इथे मिळणारी प्रत्येक ई-सिगारेट चोरट्या मार्गाने आलेली असते. तिच्या द्रवात काय आहे, तार कोणत्या धातूची आहे, किती तापते, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.