शिकवायला कोण येणार?

मुंबईत १९९५ साली ‘प्रथम’ ही मुलांच्या शिक्षणासाठी काम करणारी संस्था उभी राहिली. ती उभी करणाऱ्यांत रसायनशास्त्राचे प्राध्यापक माधव चव्हाण आणि समाजकार्य शिकवणाऱ्या फरीदा लांबे होते. वस्तीतल्या बालवाड्या देवळात, मशिदीत, नाहीतर शिकवणाऱ्या ताईच्याच घरी भरत. इमारतीवाचून काम अडलं नाही. शिकवणारी माणसं मात्र हवीच होती, आणि ती वस्तीतच शोधायची असं ठरलं.

महापालिकेच्या शाळेत तिसरी-चौथीपर्यंत पोचूनही धड वाचता न येणाऱ्या मुलांसाठी ‘बालसखी’ आली. बहुधा त्याच वस्तीतली, दहावी-बारावी झालेली मुलगी. दोन आठवड्यांचं प्रशिक्षण आणि महिना ५०० ते ७५० रुपये मानधन. पंधरा-वीस मुलं घेऊन ती शाळेच्या वेळातच रोज दोन तास बसे. खोली मिळाली नाही तर व्हरांड्यात. साधारण वर्षभराने ती जाई. लग्न ठरे, नाहीतर बरी नोकरी मिळे. की पुन्हा नवी मुलगी, पुन्हा प्रशिक्षण. एवढ्याशा पैशात कोण टिकणार? तरीही २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदी अर्थतज्ज्ञांनी मुंबई-बडोद्यात या उपक्रमाच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा फायदा स्पष्ट दिसला. सगळ्यांत मागे राहिलेल्या मुलांना तर जास्तच.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ साली ‘प्रथम’ने जे काम केलं, त्यात तर मानधनही नव्हतं. आपल्या पोरांना वाचता येतं का, हे गावकऱ्यांनी स्वतः तपासून गावाचं प्रगतिपुस्तक बनवलं. मग शाळा सुटल्यावर वाचनवर्ग घ्यायला कोण तयार, अशी विचारणा झाली. ६५ पैकी ५५ गावांत तरुण पुढे आले! फुकट शिकवायला कुणी येत नाही, हा सुशिक्षितांचा आवडता समज तिथे खोटा ठरला. अडलं भलतीकडेच. त्या गावांतल्या शंभरातली जेमतेम आठ मुलं वर्गाला आली. आलेली मात्र शिकली.

पण उत्साहावर किती वर्षं रेटणार? पुढे संस्थेने ‘शिक्षणाच्या बदल्यात शिक्षण’ असा सौदा मांडला. तरुणांनी गावातल्या मुलांना शिकवायचं, संस्थेने त्यांना संगणक शिकवायचा. सेवाभावाची भाषणं देण्यापेक्षा हा रोखठोक व्यवहार मला जास्त पटतो. शिकवणाऱ्या पोरांनाही कुठेतरी पोचायचं असतंच.