तडकलेला तांब्या आणि फुटलेली काडतुसे

वेळापूरच्या एका घरात आम्हाला पितळेचा एक तांब्या दाखवण्यात आला. कारखान्यात पत्रा दाबून केलेला. तो कधी पडला नव्हता की आपटला नव्हता. पण गोठ्यातल्या फळीवर काही पावसाळे काढल्यावर त्याच्या काठाला उभी चीर गेली होती. "पितळ जुनं झालं, की फुटतंच," आजी म्हणाल्या. पण मग माजघरातला त्याहून जुना तांब्या शाबूत कसा?

याच कोड्याने एके काळी ब्रिटिश लष्कराला सतावले होते. हिंदुस्थानातील छावण्यांत साठवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पावसाळ्यात न वापरताच तडकत. तडकलेली पुंगळी बार उडताना तप्त वायू रोखू शकत नाही. धोका बंदूक धरणाऱ्यालाच. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या तिघांनी १९२१ साली याचा उलगडा केला. तडा जायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : धातूत दडलेला ताण, दमट हवा आणि अमोनिया. घोड्यांच्या पागेत मूत्रातील युरिया कुजून अमोनिया तयार होतो. गोठ्यातही तेच घडते.

ताण येतो कोठून? पुंगळीच्या पितळेत सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. त्याची चकती साच्यातून टप्प्याटप्प्याने ओढून नळी करतात. दर टप्प्याला धातूतील स्फटिक वेडेवाकडे होतात आणि पितळ कडक होते. म्हणून मधूनमधून ते तापवून मऊ करावे लागते. यालाच अनुशीतन म्हणतात. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीरही घडणीच्या मध्ये भांडे भट्टीत घालतात. जवळच खडकीला १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला. काडतूस असो वा हंडा, भट्टीमागचे तत्त्व एकच.

मात्र ताव किती द्यायचा, हा खरा प्रश्न. सुमारे २५०-३०० अंश सेल्सिअसला ताण सैल होतो, पण कडकपणा बराचसा टिकतो. पितळ पुरते मऊ करायला याहून जास्त उष्णता लागते. पुंगळीचे तोंड मऊ हवे, बूड मात्र कडकच हवे. बूड मऊ पडले तर दाबाखाली ते दगा देते.

परदेशात नेमबाजीचे काही शौकीन पुंगळ्या पुन्हा वापरतात. त्यांच्यासाठी अनुशीतनाची छोटी यंत्रे मिळतात. गॅसच्या ज्योतीचे यंत्र साधे व स्वस्त. पण वारा किंवा गॅसचा दाब बदलला की ताव बदलतो. प्रवर्तन यंत्रात बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे पुंगळीतच विद्युतप्रवाह निर्माण होऊन ती तापते; वेळ नेमकी ठरवता येते. यंत्र निवडताना ते किती भरभर चालते हे पाहू नये. पहिल्या आणि शंभराव्या पुंगळीला सारखाच ताव मिळतो का आणि बूड थंड राहते का, हे पाहावे.

वर्गात हे दाखवायला तांब्याची उघडी तार पुरे. ती पुन्हा पुन्हा वाकवा. ती ताठर होत जाईल. शिक्षकांनी ती चिमट्यात धरून मंद लाल होईपर्यंत तापवावी आणि पाण्यात बुडवावी. पोलाद असे बुडवल्यावर कडक होते. तार मात्र मऊच राहते. असे का, हे मुलांना विचारा.

आजींचा तांब्या वयाने फुटला नव्हता. घडणीतला ताण त्यात तसाच राहिला होता. गोठ्याने त्याला वाट करून दिली.