काळा घोडा : इमारती आणि बसायच्या जागा

काळा घोडा कुठे आहे, हे मुंबईत कुणीही सांगेल. त्या घोड्यावर कोण बसलं होतं, ते विचारून बघा! तो होता सातवा एडवर्ड, तेव्हाचा प्रिन्स ऑफ वेल्स. १८७५-७६ मधल्या त्याच्या भारतभेटीची आठवण म्हणून आल्बर्ट ससूनने हा पुतळा शहराला दिला आणि १८७९ साली तो इथे उभा राहिला. लोकांनी राजाचं नाव काही घेतलं नाही. घोडा काळा, म्हणून जागा काळा घोडा. १९६५ साली पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला, नाव मात्र जागेवरच राहिलं. २०१७ साली तिथे नवा घोडा बसवला, तोही बिनस्वाराचा. लोकांनी केव्हाच केलेला निवाडा शेवटी शिल्पातही उतरला म्हणायचा.

रीगल सिनेमापासून हुतात्मा चौकापर्यंत रमतगमत चाललात तरी अर्धा तास पुरतो. एवढ्याशा टापूत इतकी कलादालनं, ग्रंथालयं, संग्रहालयं कशी काय जमली? त्याचं कारण एका पाडकामात आहे. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात किल्ल्याची तटबंदी पाडली आणि शहराच्या ऐन मध्यावर मोकळी जमीन मिळाली. रॅम्पार्ट रो हे नाव त्या तटाचीच खूण. या जमिनीवर सार्वजनिक इमारती एकीला लागून एक उभ्या राहिल्या. डेव्हिड ससून ग्रंथालयाची इमारत १८७० सालची, पण मूळ संस्था १८४७ ची, टांकसाळीत आणि गोदीत काम करणाऱ्या यंत्रकारागिरांनी काढलेली. जवळच वॉटसन हॉटेल, ज्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडहून आणून इथे जोडला होता. ७ जुलै १८९६ रोजी या हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलचित्रांचा खेळ झाला, आणि सिनेमा भारतात आला. ते खेळ पाहून आपल्या सावे दादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली कुस्तीचं चित्रण केलं.

पुढे संग्रहालय आलं. १९०५ साली पायाभरणी झाली, पण पहिल्या महायुद्धात इमारत लष्करी इस्पितळासाठी वापरली गेली आणि लोकांना आत जायला १९२२ उजाडलं. आज ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९११ साली बांधलेला कावसजी जहांगीर हॉल सभांचा आणि मैफलींचा. १९९६ पासून तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे.

हा झाला दगड-विटांचा इतिहास. तो पाट्यांवर वाचायला मिळतो. पण मला वाटतं, या भागाला कलेचा भाग बनवलं ते इमारतींच्या अधल्यामधल्या जागांनी.

१९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. १९४९ साली त्यांनी आपलं प्रदर्शन भरवलं ते रॅम्पार्ट रोवरच, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या जागेत. जहांगीर आर्ट गॅलरी तेव्हा झालेलीच नव्हती, ती १९५२ ची. १९६३ साली केकू आणि खोर्शेद गांधींनी जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी शेमूल्ड उघडली. केकूंचा मूळ धंदा चित्रांच्या चौकटी बनवण्याचा! १९६४ साली खाली समोवार सुरू झालं, एक लांबट, अरुंद उपाहारगृह. चित्र विकलं गेलं तरी तिथे चहा, नाही विकलं गेलं तरी तिथेच चहा.

आणि घोड्याच्या चौकात वेसाइड इन होतं. अरुण कोलटकर तिथे बसून समोरचा चौक बघायचे. पदपथावर इडली विकणारी बाई, भटकी कुत्री, कचरा... आत शिरायला ज्यांना कुणी दार उघडत नाही, ती माणसं त्यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये आली. अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने २००४ साली ते पुस्तक काढलं आणि त्याच वर्षी कोलटकर गेले.

आता हिशेब मांडा. वेसाइड इन बंद झालं. समोवार मार्च २०१५ मध्ये बंद झालं. ज्या दुकानात उभ्याउभ्या गाणी ऐकता यायची, ते १९४८ पासूनचं ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं. इमारती मात्र बहुतेक सगळ्या आहेत. त्यांना वारसा म्हणून संरक्षण असतं, त्यांच्यासाठी निधी उभा राहतो. चार तास बसू देणारं टेबल कुठल्या वारसायादीत घालणार?

१९९९ साली सुरू झालेल्या काळा घोडा महोत्सवाने इथे अलोट गर्दी आणली, आणि त्यात वाईट काहीच नाही. पण गर्दी बघून जाते. कला व्हायला माणसं रेंगाळावी लागतात, रोज तीच तीच, खिशात फारसे पैसे नसताना. चालता येण्याजोगा भाग म्हणजे नुसतं चालणं नव्हे, मध्येच थांबता येणंही त्यात आलं. तटबंदी पाडली तेव्हा जमीन मोकळी झाली होती. आता एकेक बैठक उठते आहे, आणि मोकळं काहीच होत नाहीये.

असो. जहांगीरच्या बाहेरच्या पदपथावर अजून चित्रकार चित्रं मांडून बसतात, आणि ती बघायला तिकीट लागत नाही. गेलात, तर घाई करू नका.