आजीची उधारीची वही

गेल्या महिन्यात माळा साफ करताना मामाला आजीची एक जुनी वही सापडली. लाल कापडी पाठीची, किराणा दुकानदार वापरतात तसली. आत पेन्सिलीने नावं, नावांपुढे आकडे, काही आकड्यांवर आडवी रेघ. मामाने ती माझ्याकडे दिली, "तुला असल्या गोष्टींचं वेड आहे ना, घे" असं म्हणून. तेव्हापासून ती टेबलावर पडून आहे आणि डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे लिखाण.

आमच्या घरात आजोबा "गिरणी कामगार" होते. साचेखात्यात. आणि आजी? ती "घरी जेवणं करायची". हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि कधी खटकलं नव्हतं. लालबागच्या त्या एका खोलीत, स्वतःचं घर सांभाळून, रोज बारा-चौदा माणसांना दोन वेळचं जेवण. पाळीप्रमाणे. दिवसपाळीवाल्यांचे डबे पहाटे, रातपाळीवाल्यांचं जेवण संध्याकाळी. म्हणजे भोंगा जितक्या वेळा वाजायचा तितक्या वेळा तिचा स्टोव्ह पेटायचा. पण कामगार मात्र आजोबा!

खाणावळी का सुरू झाल्या हे बघायला जरा मागे जावं लागतं. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ-लालबाग-गिरगावच्या उत्तरेचा सगळा पट्टा चिमण्यांनी भरून गेला. कामाला आलेले बहुतेक पुरुष रत्नागिरीचे, साताऱ्याचे, घाटावरचे. बायकापोरं गावी, शेत गावी, आणि हे इथे एका गाळ्यात दहा-वीस जण. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत पुरुषांच्या जवळपास निम्म्याच बायका होत्या. एवढ्या माणसांना शिजवून कोण घालणार? गावाकडून आलेली एखादी काकी, एखादी विधवा, एखाद्या आजारी कामगाराची बायको. तिथून खाणावळ सुरू झाली.

बायका गिरणीत नव्हत्याच असं मात्र नाही. १९२० च्या दशकात दर पाच कामगारांत साधारण एक बाई असायची, बहुतेक कांडीखात्यात नि रिळावर. त्यांच्यावर मुकादमीण असायची, तिला नायकीण म्हणत. उषाताई डांग्यांसारख्या बायकांनी त्यांचं नेतृत्वही केलं. पण १८९१ च्या कायद्याने बायकांच्या रातपाळीला बंदी घातली, १९२९ मध्ये बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला, नवी यंत्रं आली. बाई कामावर ठेवणं मालकाला महाग वाटू लागलं आणि तिची जागा हळूहळू पुरुषांकडे गेली. संरक्षणाचा कायदा गरजेचा होताच, पण त्याचा खर्च मालकाने बाईच्या नोकरीतून वसूल केला असं म्हणावं लागतं. गिरणीतून बाहेर पडलेल्या बाईपुढे जे थोडे पर्याय होते त्यातला एक खाणावळ.

आता वहीकडे येते. उधारी का? तर पगार महिन्याचा, आणि तोही महिना संपल्यावर. पूर्वी तो कितीतरी आठवडे अडकवून ठेवत. १९३६ च्या वेतन कायद्याने मोठ्या कारखान्यांना महिना संपल्यावर दहा दिवसांच्या आत पगार देणं भाग पाडलं. म्हणून गिरणगावात "दहा तारीख" हा जवळजवळ सणच होता. पण तोपर्यंत चाळीस दिवस कामगार जेवणार कशावर? खाणावळवालीच्या उधारीवर. आणि ती वाण्याच्या उधारीवर, नाहीतर व्याजाच्या पैशावर. म्हणजे बघा, मालक पगार उशिरा देऊन जे पैसे वापरत होता, ते खरं तर माझ्या आजीसारख्या बायका त्याला उसने देत होत्या. बिनव्याजी!

रविवारचीही अशीच गंमत आहे. नारायण मेघाजी लोखंडे, जोतिबा फुल्यांचे सहकारी, यांनी १८८४ मध्ये मिल हँड्स असोसिएशन काढली, हजारो कामगारांच्या सह्या गोळा केल्या आणि अखेर १८९० च्या १० जूनला गिरणी मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. आपण आज रविवारी उशिरापर्यंत लोळतो त्यात त्या माणसाचे उपकार आहेत. पण खाणावळीत रविवार म्हणजे मटणाचा दिवस. सगळे जेवणारे घरी, वाटण दुप्पट, भांडी दुप्पट. आजीला रविवारची सुट्टी कुठल्याच लोखंड्यांनी मिळवून दिली नाही.

आणि संप. १९२८ चा संप सहा महिने चालला, जवळजवळ दीड लाख कामगार बाहेर होते, त्यातूनच गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, उभी राहिली. सभा, मोर्चे, पुढाऱ्यांची भाषणं याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. पण सहा महिने पगार नसताना मुंबईत राहिलेली माणसं काय खात होती, हा प्रश्न मला आता जास्त महत्त्वाचा वाटतो. गावाकडच्या भाताने आणि खाणावळीच्या उधारीने संप तगले.

आजीची वही १९८२ ची आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. वहीत फेब्रुवारीला चौदा नावं आहेत. मे महिन्यात नऊ. बाकीचे गावी निघून गेले असणार. ऑगस्टमध्ये पाच, आणि मग वही कोरी. आई सांगते, त्याच पावसाळ्यात आजीच्या पाटल्या गेल्या. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, तो नुसता विरून गेला, आणि ती उधारीही तशीच विरली. चौदांपैकी तीन नावांवर रेघ आहे. त्यातले एकजण म्हणे चार वर्षांनी गावाहून अर्धं पोतं तांदूळ घेऊन आले नि दारातच उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात. आजीने काय केलं असेल? जेवायला वाढलं.

याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवावं म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, बँकेची कर्जं मिळवून दिली. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या या बाईला दिसलं ते मोठमोठ्या युनियनना दिसलं नव्हतं, की खाणावळवालीसुद्धा कामगार आहे. आमची आजी कुठल्या मंडळात होती असं घरात कुणाला आठवत नाही.

२०१२ साली म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची सोडत काढली तेव्हा आजोबांची कागदपत्रं शोधायला सगळे नातेवाईक धावले होते. ओळखपत्र, पगाराची पावती, काहीतरी. ते योग्यच होतं, तो त्यांचा हक्कच होता. पण तेव्हा ही वही कुणी शोधली नाही. कशाला शोधतील? तिच्यावर शिक्का नाही, गिरणीचं नाव नाही.

मी अकरा नावांपुढचे आकडे एकदा बेरीज करायला घेतले होते. अर्ध्यावर सोडून दिले. आजीने केली नाही ती बेरीज आपण कशाला करा... मामाला मात्र फोन करून सांगितलंय, की यापुढे आपल्या घरात दोन गिरणी कामगार होते असं म्हणायचं.

असो. तुमच्याही घरात एखादी अशी वही असेल तर माळ्यावरून खाली काढा, आणि आठवणारी माणसं आहेत तोवर त्यातली नावं विचारून ठेवा.